पेटीतला टर्बो आणि प्रतीक्षेची किंमत

जुन्या जीपगाड्या जतन करण्याची हौस अलीकडे महाराष्ट्राच्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही रुजली आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची डिझेल जीप विकत घ्यावी, तिचा कुजलेला पत्रा बदलून घ्यावा, पावसाळ्यात सह्याद्रीच्या कच्च्या वाटांवर ती चालवावी आणि जमल्यास एखाद्या उन्हाळ्यात थेट लडाख गाठावे, असे या हौसेचे स्वरूप आहे. या मंडळींच्या बोलण्यात एका वस्तूचा उल्लेख वारंवार येतो. ती वस्तू म्हणजे जुन्या इंजिनाला बाजारातून आणून जोडावयाचा टर्बोचार्जरचा संच. त्यांच्या शब्दांत ‘टर्बो किट’. हे किट विकत घेऊनही ते न बसविता पेटीतच ठेवून वाट पाहत राहणारा मालक या वर्गात हमखास भेटतो. कोणी इंजिनाचे काम निघाले म्हणून थांबलेला असतो, कोणी पैशांसाठी, तर कोणी कायद्याच्या धास्तीने.

राज्यापुढे पाणी, शिक्षण आणि रोजगार यांचे प्रश्न उभे असताना एका हौशी माणसाच्या पेटीची चिंता वर्तमानपत्राने का वाहावी, असे वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्यांना महिनाअखेरीचा मेळ घालावा लागतो त्या शिक्षकांना आणि कारकुनांना हा छंद चैनीचाच वाटणार. तथापि या पेटीभोवती जो गुंता झाला आहे तो एकट्या जीपवाल्यांचा नाही. प्रतीक्षा दोन प्रकारची असते. एक प्रतीक्षा माणूस समजून-उमजून पत्करतो आणि तिच्यातून काहीतरी घडते. दुसरी त्याच्यावर लादली जाते आणि तिच्यातून काहीही निष्पन्न होत नाही. पहिली बचतीच्या जातीची आहे, दुसरी निव्वळ नासाडी. आपल्या नियमव्यवस्थेने या दोहोंची गल्लत केली आहे आणि ती दूर करण्याची साधने आपल्या दाराशीच आहेत, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

हवेचा हिशेब

प्रथम यंत्राची बाजू समजून घेऊ. इंधन जळून इंजिनाला शक्ती मिळते आणि इंधन जळण्यासाठी हवा लागते. साधे इंजिन पिस्टन खाली येताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढीवरच भागविते. टर्बोचार्जर मात्र सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक चक्र फिरवितो, आणि त्याच दांड्यावर बसविलेले दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक मिळाली म्हणजे अधिक इंधन जाळता येते आणि त्याच इंजिनातून अधिक शक्ती निघते. फेकून दिलेल्या उष्णतेला कामाला लावणारी ही युक्ती कोणाही अर्थशास्त्रज्ञाला आवडावी अशीच आहे.

ही कल्पना आल्फ्रेड ब्यूची या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट त्याने १९०५ मध्ये घेतले. परंतु व्यवहारात तिचे खरे यश दिसण्यास वीस वर्षे जावी लागली. १९२५ च्या सुमारास दहा सिलिंडरांच्या जहाजी डिझेल इंजिनाची शक्ती १,७५० अश्वशक्तीवरून २,५०० वर नेण्यात आली, तेव्हा कुठे जगाची खात्री पटली. मधल्या काळात, १९१८ मध्ये, सॅनफोर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने विमानाचे एक इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर नेले आणि विरळ हवेत गमावलेली शक्ती टर्बोच्या साहाय्याने परत मिळविता येते हे दाखवून दिले.

लडाखला निघालेल्या जीपवाल्याची गरज नेमकी हीच असते. लेहच्या साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश उरतो आणि पाच हजार मीटरांपलीकडच्या खिंडींत तो जवळजवळ निम्म्यावर येतो. टर्बो नसलेल्या जुन्या डिझेल जीपला तेथे धाप लागते, धूर काळा होतो आणि चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये कशीबशी सरकत राहते. १९४७ मध्ये मुंबईत महिंद्रांनी विलीस जीपच्या जुळणीस प्रारंभ केला, तेव्हापासून या वाहनाशी महाराष्ट्राचे जवळचे नाते आहे. त्या वंशातील जुन्या गाडीला नवा दम द्यावा असे कोणास वाटले, तर त्यात वावगे काहीच नाही.

पत्करलेली प्रतीक्षा

मग किट हाती येताच ते बसवून का टाकू नये? याचे उत्तर कोणताही जाणता मेकॅनिक देईल. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. इंजिनातील तेल मळलेले असेल, तेलाचा दाब कमी असेल किंवा बेअरिंग झिजलेले असेल, तर नवा कोरा टर्बो अल्पावधीतच निकामी होतो. दाबून भरलेल्या हवेने सिलिंडरमधील ताण आणि उष्णता वाढते. बोअर-पिस्टन घासलेले, हेड गॅस्केट जुने आणि रेडिएटर अर्धा तुंबलेला, अशा इंजिनावर हा भार टाकणे म्हणजे दुखणाईत बैलाला मोटेस जुंपण्यासारखे आहे. म्हणून आधी कॉम्प्रेशन तपासावे, पंप-नोझलचे काम करून घ्यावे, क्लच आणि ब्रेक पाहावेत, बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान दाखविणारे मापक बसवावे, आणि मगच पेटी उघडावी. किटची किंमत ही खर्चाची केवळ सुरुवात असते.

घाईचा परिणाम काय होतो याचे उदाहरण मोटारींच्या इतिहासातच आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो बसविलेली पहिल्या काही प्रवासी मोटारींपैकी एक मोटार बाजारात आली. तिच्या पेट्रोल इंजिनात मुळातच दाब फार असल्याने पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारून ते सांभाळावे लागे. त्या मिश्रणाची टाकी मालकाने वेळच्या वेळी भरणे आवश्यक होते. पुष्कळांनी ती भरली नाही. गाड्या रखडू लागल्या, विक्रेत्यांनी अनेक गाड्यांवरील टर्बो काढून टाकले आणि १९६३ नंतर ते प्रतिरूप बंद झाले. टर्बोची कल्पना खोटी नव्हती. तिच्याभोवतीची तयारी अपुरी होती.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे आल्फ्रेड मार्शल यांची आठवण व्हावी. भांडवलावर मिळणारे व्याज हे उपभोगाच्या त्यागाचे फळ आहे, असे आधीचे पंडित म्हणत. श्रीमंत माणूस बचत करताना कसला त्याग करतो, ही त्यावरील टीका रास्त होती. मार्शल यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘त्याग’ या शब्दाऐवजी ‘प्रतीक्षा’ हा शब्द स्वीकारला. आजचा उपभोग पुढे ढकलणे हेच एक उत्पादक कार्य होय, हा त्याचा आशय. पुढे १९७४ मध्ये केनेथ ॲरो आणि ॲन्थनी फिशर यांनी असे दाखविले की, निर्णय उलटविता येण्याजोगा नसेल आणि भविष्याविषयी नवी माहिती मिळण्याजोगी असेल, तर थांबण्यालाही स्वतंत्र मूल्य असते. त्यांच्यापुढे प्रश्न निसर्गसंपत्तीचा होता. पण तत्त्व गॅरेजातही लागू पडते. जळालेले पिस्टन पूर्ववत होत नाही. इंजिन उघडून पाहिल्याने जी माहिती मिळते, तिच्यासाठी दोन महिने थांबणे हा आळस नव्हे, तो विमा आहे.

उलटपक्षी ‘एवढे पैसे किटमध्ये घातले, आता ते बसविलेच पाहिजे’ हा विचार चुकीचा आहे. जो पैसा खर्च होऊन गेला तो आता कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही. पुढील खर्च आणि पुढील लाभ यांचाच मेळ पाहावयाचा असतो. बुडीत खर्चाचा हा धडा वर्गात समजतो आणि बाजारात विसरला जातो.

लादलेली प्रतीक्षा

येथवर मालक आपल्या मर्जीने थांबला. आता इंजिन तयार झाले, पैशांची सोय झाली आणि मेकॅनिकही सज्ज आहे, असे समजू. तरीही पेटी उघडता येत नाही, कारण कायदा आडवा येतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत होईल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला आणि निर्मात्याची मूळ रचना बदलणारा फेरफार चालणार नाही असे स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला आता प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. टर्बोने इंजिनाची घनक्षमता बदलत नाही, मग बदल झालाच कोठे, असा युक्तिवाद काही हौशी मंडळी करतात. न्यायालयाने मूळ रचनेवर दिलेला भर पाहता हा युक्तिवाद टिकणे कठीण आहे. शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी पासिंगला न्यावी लागते, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीही बदल कोणाला विचारून केला हे विचारणारच.

कायद्याचा हेतू चांगला आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. रस्ता सर्वांचा आहे आणि हवाही सर्वांची आहे. माझ्या गाडीची शक्ती वाढली आणि ब्रेक मात्र जुनेच राहिले, तर त्याची किंमत रस्त्यावरून चालणाऱ्या शाळकरी मुलाने मोजावयाची काय? एकाच्या कृतीचा भार तिऱ्हाइतावर पडत असेल तर तेथे राज्यसंस्थेने हस्तक्षेप करावा, हा विचार पिगू यांनी १९२० मध्येच मांडला आणि तो आज सर्वमान्य आहे. जीपवाल्याची हौस त्याला अपवाद असू शकत नाही.

परंतु हा हेतू साधण्याचे दोन मार्ग असतात. एक मार्ग तपासणीचा आणि दुसरा मनाईचा. धुराचेच उदाहरण घ्या. टर्बोमुळे हवा वाढली आणि डिझेलचा पंप बेताने लावला, तर जुन्या इंजिनाचा काळा धूर कमीही होऊ शकतो. तोच पंप हव्यासापोटी मोकळा सोडला, तर तीच गाडी रस्ताभर काजळी ओकत जाते. म्हणजे दोष वस्तूत नसून ती कशी बसविली यात आहे, आणि कशी बसविली हे तपासल्यावाचून कळत नाही. सरसकट मनाई ही तपासणीचे कष्ट टाळण्याची सोय होऊन बसते.

खुद्द कायद्यालाही हा भेद ठाऊक आहे. पेट्रोलची गाडी मंजूर किट बसवून गॅसवर चालविण्यास त्याच कलमात वाट ठेवलेली आहे आणि त्या वाटेने असंख्य गाड्या सीएनजीवर गेल्या. जुन्या गाडीवर वीजसंच बसविण्यासाठीही नियम झाले. अपंग व्यक्तीला आपल्या सोयीप्रमाणे वाहनात बदल करून नंतर मंजुरी घेता येते. एवढेच नव्हे, तर २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला असा अधिकार दिला की, वाहनातील बदलांसाठी मानके आणि मंजुरीच्या अटी नियमांनी ठरवाव्यात. अधिकार आहे, परंतु एकट्यादुकट्या मालकाने आपल्या जुन्या गाडीवर टर्बो बसवून त्याची रीतसर नोंद करून घ्यावी, असा सीएनजीसारखा रुळलेला मार्ग मात्र नाही. घराला दार ठेवले, पण पायरी बांधली नाही, अशी ही स्थिती आहे.

रांग आणि चोरवाट

लादलेल्या प्रतीक्षेची किंमत आपल्या पिढीला नव्याने सांगावयास नको. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबलेली आणि टेलिफोनच्या अर्जाची पावती जपून ठेवणारी कुटुंबे आपण पाहिली आहेत. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी १९८० मध्ये टंचाईच्या अर्थव्यवस्थेचे जे विश्लेषण केले, त्यात अशा रांगांनाच मध्यवर्ती स्थान होते. वस्तूची किंमत पैशांत मोजली तर तो पैसा निदान कोणाच्या तरी हाती पडतो. रांगेत घालविलेला काळ कोणाच्याच पदरात पडत नाही. १९९१ नंतर वस्तूंच्या रांगा बऱ्याच ओसरल्या. मंजुऱ्यांच्या रांगा मात्र शिल्लक राहिल्या.

आणि रांग जेथे पुढे सरकतच नाही, तेथे चोरवाट तयार होते. कायदा मानणारा मालक पेटी बंद ठेवतो. न मानणारा एखाद्या गल्लीतल्या गॅरेजात रातोरात टर्बो चढवून घेतो. ब्रेकची चौकशी नाही, धुराची तपासणी नाही आणि आर.सी. बुकात नोंदही नाही. ज्याला रोखावयाचे तो सुटतो आणि ज्याला रोखण्याची गरज नव्हती तोच अडतो.

त्याचा परिणाम जुन्या गाड्यांच्या बाजारावरही होतो. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला माहीत असलेली गोष्ट घेणाऱ्याला कळण्याचा उपाय नसेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. विकण्यापूर्वी टर्बो काढून ठेवला, तर हे इंजिन दोन वर्षे कोणत्या ताणाखाली चालले हे ग्राहकाला कसे कळावे? नोंदीची सोय नसल्याने प्रामाणिक विक्रेत्याजवळही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचे साधन उरत नाही.

साधने दाराशी आहेत

इतर देशांनी हा प्रश्न सोडविलाच नाही असे नाही. कॅलिफोर्नियातील हवेची कडक राखण सर्वश्रुत आहे. तरीही तेथील हवाई संसाधन मंडळ बाजारातील जोडभागांची चाचणी घेऊन, प्रदूषण वाढत नाही अशी खात्री पटल्यास त्यांना क्रमांकित सूट-आदेश देते. तो क्रमांक तपासणीच्या वेळी दाखविता येतो. जर्मनीत मान्यताप्राप्त तपासनीसाने पाहिलेला बदल गाडीच्या कागदपत्रांत नोंदविला जातो. ऑस्ट्रेलियात, जेथे जुन्या डिझेल लँड क्रूझर गाड्यांवर टर्बो किट बसविणे ही सामान्य बाब आहे, तेथे वाहनबदलांसाठी राष्ट्रीय संहिता आहे आणि मोठ्या बदलांना मान्यताप्राप्त अभियंत्याचा दाखला लागतो. या देशांची नक्कल करावी असे नव्हे. पण ‘हे होणे शक्यच नाही’ असे म्हणण्यासही जागा उरत नाही.

आपल्याकडे तर साधनांची वाण मुळीच नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन पुण्यात आहे. भोसरीला केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था आहे. अहिल्यानगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. वाहने आणि त्यांचे भाग यांची चाचणी करून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार असलेल्या या संस्था एकाच राज्यात शेजारी-शेजारी आहेत. अमुक जातीच्या इंजिनासाठी अमुक किट, इतक्याच दाबाला, इतक्याच इंधनाला, अशी चाचणी त्यांना अवघड नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मूठभर हौशी लोकांसाठी सरकारने खर्च का करावा? तो करूच नये. चाचणीचा खर्च किट विकणाऱ्याने आणि नोंदीचे शुल्क मालकाने द्यावे. करदात्याच्या खिशाला हात लावण्याचे कारण नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या डिझेल गाड्या रस्त्यावरून हळूहळू जाव्यात हेच धोरण असताना त्यांचे आयुष्य वाढविणारी सोय कशाला? हे धोरण असेल तर ते उघडपणे सांगावे. जुन्या डिझेल इंजिनावर टर्बो बसविता येणार नाही, असा स्पष्ट नियम झाला, तरी मालक पेटी विकून मोकळा होईल आणि मेकॅनिक दुसऱ्या कामाला लागेल. नकार हाही एक निर्णय असतो. मौन हा निर्णय नव्हे.

म्हणून मागणी माफक आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये स्वतःकडे घेतलेला अधिकार वापरून टर्बो संचांसाठी मानके ठरवावीत किंवा ती ठरविणार नसल्याचे जाहीर करावे. मानके ठरल्यास मंजूर किट मान्यताप्राप्त गॅरेजातच बसविले जावे, त्यानंतर ब्रेक आणि धूर यांची तपासणी व्हावी आणि आर.सी. बुकात तशी नोंद व्हावी. राज्य सरकारने त्या नोंदीची सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित करून तिला मुदत घालून द्यावी. मुदतीत होकार मिळावा किंवा कारणांसह नकार मिळावा.

तोवर पेटी बंद ठेवणाऱ्या मालकाने ती बंदच ठेवावी, हेच योग्य. नियम गैरसोयीचा आहे म्हणून तो मोडण्याची मुभा कोणालाच नसते. तो थांबला आहे त्या काळात इंजिन सुधारील, ब्रेक नीट करील, पैसा साठवील. त्याची प्रतीक्षा वाया जाणार नाही. शासनाला मात्र असा हिशेब दाखविता येणार नाही. २०१९ पासून गेलेल्या वर्षांत त्याच्या बाजूने काय तयार झाले, हे विचारण्याचा अधिकार केवळ जीपवाल्यांना नव्हे, तर कोणत्याही कार्यालयाच्या खिडकीपुढे कधी ना कधी उभे राहिलेल्या प्रत्येक नागरिकाला आहे.